बीपी मोजण्याआधी जरा बसू द्या

महोदय,

योग दिन जवळ आला की प्राणायामाने बीपीची गोळी कायमची सुटते, असे बरेच छापून येते. म्हणून हे पत्र. राळेगाव तालुक्यात मी आरोग्यसेविका होते. निवृत्त झाले, पण मशीन घरी आहे आणि गल्लीतले लोक अजून दंड पुढे करतात.

पेरणीच्या तोंडावर या मशीनचे आकडे चढेच असतात. पीककर्जाच्या रांगेतून सुटलेला माणूस थेट आमच्या ओसरीवर येऊन टेकतो. "बाई, आत्ता नोका मोजू, बँकेतून येऊन रायलो," असे एक जण म्हणाला, आणि त्याचे बरोबरच होते. मनावर ताण आला की अॅड्रेनालिन वाढते, ठोके जलद आणि जोरात पडतात, दाब चढतो. प्रयोगशाळेत हा ताण आणायला माणसाला घाई करत हजारातून सात-सात वजा करायला लावतात. आमच्याकडे खरेदी केंद्रावर 'ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे' एवढे म्हटले तरी पुरते.

आता श्वासाचे. मनगटावर बोटे ठेवून सावकाश श्वास घ्या. आत घेताना नाडी किंचित धावते, सोडताना मंदावते. घाबरू नका, हा आजार नाही. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचा ब्रेक आहे आणि श्वास सोडताना तो जास्त लागतो. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले की नाडीचा हा चढउतार चांगलाच मोठा होतो, आणि मानेतल्या धमनीत व महाधमनीत दाब जोखणारी जी यंत्रणा असते ती अधिक तत्पर होते. दाब उसळू लागला की ती हृदयाला लवकर आवरते. ताण तोच राहतो, हृदयाची उसळी कमी होते.

इटलीच्या लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवले, की लॅटिनमधून माळेवरची प्रार्थना म्हणा की 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणा, श्वास मिनिटाला सहाच्या जवळ येतो. शब्द कोणत्या धर्माचे, याच्याशी हृदयाला देणेघेणे नाही. आमच्याकडे संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. तिथल्या म्हाताऱ्यांना मी सांगते, ओळ लांबवून म्हणा, उरकू नका. उलट योग दिनाला माइकवरून "जोरात, अजून जोरात" म्हणत कपालभाती चालते, तेव्हा बीपीवाल्यांना मी मागे बसवते.

रोजच्या सरावाने दाब उतरतो, पण थोडाच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. छातीत कळ येऊन घाम फुटला तर श्वास मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. जगणेच नको वाटू लागले तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे. श्वासाने कर्ज फिटत नाही, हेही मला कळते. शिबिरात गाडीतून उतरून शेतकऱ्याला "टेन्शन घेऊ नका" सांगणाऱ्यांचा मला रागच येतो.

आरोग्य विभागाकडे मागणे लहान आहे. तीस वर्षांवरच्यांची तपासणी होते तेव्हा रांगेतून आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधतात. त्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून, गप्प बसवा. अर्धा तास चहा नको, तंबाखूचा खर्रा तर नकोच. मोजताना श्वास नेहमीचाच असू द्या, नाहीतर आकडा उगाच कमी दिसेल. तो लिहून झाला की मग शिकवा : सेकंदकाट्याकडे पाहत पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, श्वास न कोंडता. त्यासाठी उपकेंद्रात चार खुर्च्या आणि भिंतीवर एक घड्याळ हवे. आमच्या गावापुरते घड्याळ मी देते, खुर्च्यांचे विभागाने बघावे.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, ता. राळेगाव, जि. यवतमाळ