मंगळवारी नेटवर्क गेलं नव्हतं

प्रिय आई-बाबा,

मंगळवारी रात्री नेटवर्क गेलं नव्हतं. मीच फोन ठेवला. बाबा, तुम्ही "डॉक्टर सांगतात ते कर, उगाच हट्ट नको" म्हणालात आणि मागून आईचा काहीच आवाज आला नाही. ती गप्प झाली की माझं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर मी नुसते "बरी आहे" एवढेच मेसेज करत राहिले. बोलायला गेले तर रडू येईल आणि तुम्ही त्याचा भलताच अर्थ लावाल, म्हणून लिहिते आहे. आई, तू स्वतः वाच. बाबांना मोठ्याने वाचायला लावू नकोस, ते मधली वाक्यं गाळतात. शिवाय त्यांच्या डोळ्याला अजून ताण नको.

आधी एवढं ऐका: बाळ छान आहे, मी छान आहे. आज शुक्रवार, आजच तपासून आले. प्रेशर नॉर्मल, साखर नॉर्मल, बाळाचे ठोके चांगले. आणि मी ॲडमिट झालेले नाही. कळा आणायचं औषध इतक्यात घ्यायचं नाही, असं मी ठरवलंय. हे मी तुम्हाला विचारून ठरवलं नाही, याचं वाईट वाटतंय. पण का ठरवलं ते तुम्हाला नीट कळल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

मंगळवारी सोनोग्राफी झाली. पोटावर ते थंडगार जेल, पुसायला हातात कागदाचा तुकडा. मी अजून आडवीच होते. एका हाताने कुडता वर धरलेला, दुसऱ्याने पुसत होते, आणि डॉक्टर माझ्याकडे पाठ करून चिठ्ठी लिहीत होते. "तारीख उलटून दोन दिवस झाले. पाणी कमी होत चाललंय. गळ्याभोवती नाळ दिसतेय. उद्या सकाळी उपाशीपोटी या, कळा सुरू करू." थोडे दिवस थांबलं तर चालेल का, असं मी विचारलं. मान वर न करता ते म्हणाले, "थांबा की. पण बाळाला काही झालं तर मग मला विचारायला येऊ नका."

आई, या वाक्यापुढे कोण टिकेल? माझं पोट पुसून व्हायच्या आत सगळं ठरून गेलं होतं. उठताना कोणी हात दिला नाही, मी पलंगाची कड धरून उठले. घरी येईपर्यंत कुडत्याला लागलेलं जेल वाळून कडक झालं होतं.

बाहेर काउंटरवर संमतीपत्र पुढे आलं. औषध का द्यायचं, ते लिहायची ओळ कोरी होती. सहीची जागा मात्र पेन्सिलीने फुली मारून दाखवलेली. मी सांगितलं, सही उद्या करते. तिथल्या मुलीने चांगल्या मनाने सांगितलं, "उद्याच या मॅडम, शनिवारपासून सर आठवडाभर नाहीत." हे डॉक्टरांनीच मला समोर बसवून सांगितलं असतं, की मी नसेन, माझी काळजी ही आहे, तर मला एवढं लागलं नसतं. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्यांनी अवघड प्रसंग पाहिलेले असणार. पण त्यांनी मला भीती दिली, माहिती दिली नाही.

रात्री फोन ठेवल्यावर मी फाइल काढली. बाबा, तारखेवार कागद लावायची सवय तुमची, तीच कामाला आली. पहिल्या पानावर शेवटच्या पाळीची तारीख आहे आणि तिच्यावरूनच सगळे हिशेब धरलेत. माझी पाळी कधी वेळेवर आली होती, आई? शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशी तू काय काय धावपळ करायचीस ते आठव. पाळीवरून दिवस मोजताना दर महिन्याला अठ्ठावीस दिवसांनी पाळी येते असं धरतात. माझं ते कधीच नव्हतं. फाइलच्या मागच्या कप्प्यात आठव्या आठवड्यातली पहिली सोनोग्राफी सापडली. त्या वेळी बाळ राजम्याच्या दाण्याएवढं असतं, सगळ्यांचीच वाढ जवळपास सारखी असते, म्हणून ती तारीख सगळ्यात भरवशाची. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या अंगाने वाढतं. त्या सोनोग्राफीप्रमाणे माझी तारीख आठ दिवस पुढे आहे. म्हणजे मंगळवारी ४० आठवडे २ दिवस नव्हते, ३९ आठवडे आणि १ दिवस होता. तारीख उलटलीच नव्हती!

मी बुधवारी तिथे गेले नाही. फोन करून नीट कळवलं, न सांगता गैरहजर राहिले नाही, तेवढं वळण तुम्ही लावलंय. तुमच्या जावयांनी सुट्टी टाकली आणि आम्ही ती फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेलो. पन्नाशी उलटलेल्या आहेत. त्यांनी आधी मला बसायला सांगितलं, मग सगळे कागद एकेक करून पाहिले आणि तपासायच्या आधी विचारलं, "तपासू का?" एवढ्यानेच माझे डोळे भरून आले, बाबा. नऊ महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं.

पाण्याचा आकडा रिपोर्टवर ८ आहे. ५ च्या खाली गेला तर कमी म्हणतात. शेवटी शेवटी पाणी थोडं उतरतंच. नाळेचा एक वेढा पुष्कळ बाळांच्या गळ्याभोवती असतो आणि ती बाळं सुखरूप जन्मतात. नुसत्या त्या कारणासाठी घाई करत नाहीत. मग त्यांनी पिशवीचं तोंड तपासलं. त्याला गुण देतात, बिशप स्कोअर म्हणतात, १९६४ पासून चालत आलेली पद्धत आहे. तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ आहे की घट्ट, कुठल्या बाजूला आहे, बाळाचं डोकं किती खाली आलंय, असं सगळं मिळून. १३ पैकी माझे ३ आले. घट्ट आहे अजून. अशा वेळी आधी जेल किंवा गोळी ठेवून नाहीतर फुगा घालून तोंड मऊ करावं लागतं, मग सलाईनमधून कळांचं औषध. कधी कधी यात दीड-दोन दिवस जातात. कळा फार जोरात, फार जवळजवळ आल्या तर बाळाला सोसत नाही, म्हणून सतत मशीन लावून पाहावं लागतं. त्या म्हणाल्या, गरज असेल तर हे सगळं करायचंच, मी रोज करते. तुम्हाला आज गरज दिसत नाही.

बाबा, तुम्ही हे वाचून इंटरनेटवर शोधणार, म्हणून दुसरी बाजूही मीच लिहिते. २०१८ साली अमेरिकेत सहा हजारांवर पहिलटकरणींचा एक मोठा अभ्यास झाला. ३९ व्या आठवड्यात ठरवून कळा आणलेल्यांत १८.६ टक्के सीझर झाली, वाट पाहिलेल्यांत २२.२ टक्के. म्हणजे कळा आणल्या की सीझर ठरलेलंच, असं जे आपल्याकडे सगळे म्हणतात ते खरं नाही. आईच्या मनात तेच असणार, तेही काढून टाका. हा कागद मी डॉक्टरबाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "हवं असेल तर आपण आताही करू शकतो, चूक नाही. थांबलात तरी चूक नाही. निवड तुमची." हे ऐकल्यावर मला थांबावंसं वाटलं. माझं शरीर अजून तयार नाही आणि बाळ मजेत आहे, एवढंच माझं कारण. पुरेसं नाही का हे?

पण कितीही दिवस थांबणार असं नाही. ४१ आठवडे पुरे झाले की मी स्वतःहून ॲडमिट होणार. येता सोमवार नव्हे, त्याच्या पुढचा. जागतिक आरोग्य संघटनाही ४१ आठवडे झाल्यावर कळा आणा म्हणते. स्वीडनमध्ये ४१ आणि ४२ आठवड्यांची तुलना चालू होती, ती मध्येच थांबवावी लागली, कारण थांबलेल्या गटात सहा बाळं गेली आणि दुसऱ्या गटात एकही नाही. हे वाचल्यावर मी त्या रात्री फार वेळ पोटावर हात ठेवून बसले होते. म्हणून ४१ च्या पलीकडे एक दिवस नाही. तोवर आठवड्यातून दोनदा मशीनवर ठोके आणि पाणी. प्रेशर वाढलं, पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाचं फिरणं कमी झालं, तर त्याच घटकेला निघायचं, रात्र असो की पहाट. त्या वेळी डॉक्टर जे म्हणतील ते औषध मी घेईन, सीझर म्हणाले तर सीझर. सही मी थांबवली आहे, नाकारलेली नाही.

आणि बाबा, एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होते. दादाच्या वेळच्या त्या कागदावर तुम्ही सही केलीत, त्यावर मी बोट ठेवते आहे असं कृपा करून मनात आणू नका. तुम्ही तिथे एकटे होतात, रात्र होती, आईला आत नेलेलं होतं आणि विचारायला दुसरं कोणी नव्हतं. मी तिथे असते तर मीही केली असती. आई, तू एकदा कपडे घड्या करता करता म्हणाली होतीस, "मला कुठे विचारलं कोणी." मग विषयच बदललास. तेवढं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मंगळवारी तू गप्प झालीस ते माझ्यावर रागावून नव्हे, हे मला आता कळतंय.

आमची इथे काही गैरसोय नाही. मी डाव्या कुशीवर झोपते, गुडघ्यांत उशी, पाठीला उशी, तुमच्या जावयांना पलंगाची एक कड तेवढी उरली आहे. बॅग दाराशी भरून ठेवली आहे. फाइल वरच आहे, बाबा. पाळणा कपाटात नाही, खोलीत लावलाय. पाय थोडे सुजतात, संध्याकाळी उंच ठेवले की उतरतात. रात्री चार वेळा उठावं लागतं, पण ते सगळ्यांनाच. मी एकटी मुळीच नसते. जेवण वेळेवर होतं, त्याची काळजी करू नका.

लहानपणी इंजेक्शनच्या वेळी तू मला दहापर्यंत मोजायला सांगायचीस, आई. तुझा पदर मुठीत धरून मी मोजायचे आणि सातावर झालेलं असायचं. तरी तू दहापर्यंत मोजू द्यायचीस. आता जेवणानंतर कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजते. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. माझी बहुतेक वेळा तासाच्या आतच होतात. वहीत लिहून ठेवते. मोजताना तुझ्या पदराचा तो वास येतो, खरंच येतो.

आता तुम्ही दोघांनी काय करायचं ते सांगते, आणि यात वाद नको. बाबा, डोळ्यांचे थेंब वेळेवर, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत प्रवासाचं नावही काढायचं नाही. माझ्यासाठी धावत आलात आणि डोळ्याला काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही. आई, प्रेशरची गोळी सकाळीच घे, "आठवली की घेते" हे बंद. माळ्यावरची बाळाची जुनी दुपटी काढायला स्टुलावर चढू नकोस, मला माहीत आहे तुझ्या मनात तेच आहे. दादा रविवारी येईल, त्याला चढू दे. शेजारपाजारी तारीख सांगू नका, रोज कोणीतरी "झालं का?" विचारतं आणि मग तुझीच झोप उडते. फोन रात्री उशाशी ठेवा, पण त्याच्याकडे बघत जागू नका. कळा सुरू झाल्या की पहिला फोन तुम्हाला, हे कबूल. दिवसातून एकदा, संध्याकाळी सातला, मी स्वतः फोन करीन. आजपासूनच. आणि यापुढे मध्येच ठेवणार नाही, तुम्ही काहीही बोललात तरी.

मी रागावले नाही. तुम्हीही रागावू नका. आणि रागावला असलात तर संध्याकाळी फोनवर रागवा, मी ऐकून घेईन.

तुमची
छकुली

ता. क. – लिहिता लिहिता दहा झाल्या. पहिल्या हालचालीपासून दहावीपर्यंत पस्तीस मिनिटं. आजच्या रिपोर्टचा फोटो बाबांच्या फोनवर पाठवते आहे. पाण्याच्या आकड्याखाली रेघ मारली आहे, मोठा करून बघा.