तिकीट मार्चमध्ये, शाळेच्या तारखा एप्रिलमध्ये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. प्रवासाचा दिवस त्यात धरत नाहीत. म्हणजे २ मे रोजी नाशिकरोडहून निघायचे असेल तर ३ मार्चला सकाळी आठला तिकीट काढायला बसावे लागते, आणि १२ जूनच्या परतीसाठी १३ एप्रिलला. गर्दीच्या गाड्यांना पहिल्या काही मिनिटांत वेटिंग लागते, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. शहरातल्या बऱ्याच शाळा मात्र परीक्षा कधी संपणार, निकाल कधी, जूनमध्ये शाळा कोणत्या तारखेला उघडणार, हे एप्रिल लागल्याशिवाय सांगत नाहीत. मग पालक अंदाजाने तिकीट काढतात आणि प्रगतिपुस्तक आणायला शेजाऱ्यांना पाठवतात. दोष एकट्या शाळांचा नाही. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने २५ एप्रिलपर्यंत लांबवायचा निर्णय मार्चमध्ये आला, आणि १ मेच्या निकालासाठी शिक्षकांचीही तारांबळ उडाली. घरात एक मूल राज्य मंडळाच्या शाळेत आणि दुसरे सीबीएसईच्या शाळेत असेल तर दोघांच्या सुट्ट्या जुळवणे हे आणखी वेगळे काम.

शाळांनी पाच तारखा फेब्रुवारीअखेर फाटकावरच्या फलकावर लावाव्यात, ही आमची मागणी: शेवटचा पेपर, निकाल, पालकसभा, वह्या-पुस्तकांचे वाटप आणि जूनमधला पहिला दिवस. शासनाकडून बदल होण्याची शक्यता असेल तर तारखेपुढे ‘संभाव्य’ लिहावे. कोऱ्या फलकापेक्षा संभाव्य तारीख केव्हाही बरी.

ही ओढाताण सर्वांत जास्त जाणवते ती पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या घरी. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे या मे महिन्यात अशा प्रत्येक मुलाने पाच वर्षे ओलांडलेली असतात, आणि पाचव्या वाढदिवशी रेल्वे, एसटी, आधार आणि लसीकरण या चारही ठिकाणचे नियम बदलतात. गेल्या सुट्टीत जे मूल मांडीवर बसून फुकट गेले, त्याला या वर्षी तिकीट लागते. हे फलाटावर गेल्यावर कळून उपयोग नाही.

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच पूर्ण ते बारा या वयात दोन मार्ग आहेत. बर्थ घेतला तर मोठ्या माणसाइतके पूर्ण भाडे, बर्थ नको म्हटले तर अर्धे. एप्रिल २०१६ पूर्वी अर्ध्या भाड्यात बर्थ मिळायचा, तो नियम अजून अनेक आजी-आजोबांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. गोंधळ होतो तो असा: ऑनलाइन तिकीट काढताना मुलाच्या नावापुढे ‘बर्थ नको’ हा पर्याय राहतो, पैसे कमी दिसतात म्हणून बरे वाटते, आणि रात्रीच्या गाडीत दोन बर्थवर तिघे झोपतात. सहा वर्षांचे मूल झोपेत आडवे होते, त्यामुळे आईची रात्र बसूनच जाते. नाशिकरोड ते नागपूर किंवा कोकणात उतरणाऱ्या मंगला एक्स्प्रेससारख्या लांब पल्ल्याला पूर्ण भाड्याचा बर्थच घ्यावा. मूल खालच्या बर्थवर, भिंतीच्या बाजूला डोके करून झोपवावे. मधल्या बर्थवर एकट्या मुलाला झोपवू नये.

चेअर कार आणि सेकंड सीटिंगला तर ‘बर्थ नको’ हा पर्यायच नाही. पंचवटी एक्स्प्रेसला किंवा नाशिकरोडला थांबणाऱ्या वंदे भारतला आरक्षण करताना पाच वर्षांवरच्या मुलाला पूर्ण भाडे भरावेच लागते. मुंबईला मामाकडे चाललेल्या चौघांच्या कुटुंबाचा हिशेब इथेच चुकतो. पाचवा वाढदिवस आरक्षणानंतर पण प्रवासाआधी येत असेल तर मुलाचे तिकीट आधीच काढून ठेवावे. टीसीशी वाद घालून सुट्टीची सुरुवात कशाला करायची? मुलाच्या वयाचा कागद, निदान मोबाइलमधला जन्मदाखल्याचा फोटो, जवळ असू द्यावा. मोठ्यांपैकी एकाचे मूळ ओळखपत्र तर हवेच.

तत्काळच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी एक सूचना. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडलेले लागते. एसीचे तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला आणि बिगर एसीचे अकराला उघडते. खाते जोडायचे काम त्या सकाळी काढले तर ओटीपीची वाट बघेपर्यंत कोटा संपतो. ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिले तर आपोआप रद्द होते, ते दाखवून गाडीत चढता येत नाही.

स्टेशन गाठण्याचा वेळही धरायला हवा. सीबीएसपासून (शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकापासून) नाशिकरोड नऊ-दहा किलोमीटर, पण द्वारका चौकात अडकलात तर या अंतराला काही अर्थ उरत नाही. त्यात आता सिंहस्थ कुंभमेळ्याची कामे. लहान मूल आणि सामान बरोबर असेल तर नेहमीपेक्षा पाऊण तास आधी घर सोडावे.

एसटीचा हिशेब सोपा आहे. पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत आहे, आणि ७५ च्या पुढच्या आजी-आजोबांना प्रवास मोफत. मात्र महिला आणि ज्येष्ठांची ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच. सापुतारा किंवा सुरतच्या गाडीत हद्दीपलीकडचे भाडे पूर्ण लागते, म्हणून वाहकाने मागितले तर त्याच्यावर चिडू नये. पुण्याला जायला रेल्वेचा सरळ मार्ग नाही, कल्याण किंवा मनमाडचा वळसा पडतो. मुले बरोबर असताना एसटीच बरी.

कसारा, सप्तशृंगगड आणि सापुताऱ्याच्या घाटांत मुलांना उलट्या होतात, त्या पोट बिघडल्यामुळे नव्हे. आतला कान वळणे टिपतो आणि डोळे मोबाइलवर खिळलेले असतात. दोघांचे निरोप जुळत नाहीत, म्हणून मळमळते. हा त्रास दोन ते बारा या वयात जास्त होतो. घाट लागण्याआधी मोबाइल काढून घ्यावा आणि मुलाला समोर, लांबचे डोंगर बघायला लावावे. एसटीत मागच्या चाकांवरची आसने टाळावीत. निघण्याआधी तासभर थोडेसे कोरडे खायला द्यावे. दूध पाजून निघणे ही आपल्याकडची जुनी हौस, घाटात तीच महागात पडते. उलटीच्या गोळ्या मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात, मोठ्यांची अर्धी गोळी मोडून नव्हे.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन वापरावे, नाहीतर चालकाला एक हजार रुपये दंड आहे. मांडीवर मूल घेऊन पुढे बसणे ही सर्वांत वाईट जागा. उन्हात उभ्या गाडीत मुलाला पाच मिनिटेही ठेवू नये, दहा मिनिटांत आतले तापमान दहा अंशांनी चढू शकते.

आता कागदपत्रे. मूळ जन्मदाखला मार्चमध्येच काढून नीट वाचावा. बाळंतपण माहेरी झाले असेल तर नोंद नाशिक महापालिकेत सापडणार नाही. ती जिथे जन्म झाला त्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत असते. नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत: दाखल्यात ‘बाळ’ एवढेच, नाव घातलेलेच नाही, आईचे नाव मराठीत एक आणि इंग्रजीत दुसरे, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वडिलांच्या आधारपेक्षा वेगळे. नाव घालायचे राहिले असेल तर जन्मानंतर वर्षभरात ते विनाशुल्क घालता येते, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. हे काम आजोळी जाऊन करायचे असेल तर सुट्टीत शनिवार-रविवार सोडून दोन दिवस हाताशी ठेवावेत. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि दोघा पालकांचे आधार न्यावे. दुरुस्ती शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव चढण्याआधी व्हायला हवी. एकदा तिथे चुकीचे नाव चढले की तेच पुढे प्रत्येक दाखल्यावर उतरत राहते, आणि ते बदलायला शिक्षण विभागाच्या मान्यतेचे हेलपाटे घालावे लागतात. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी तर शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य आहे. नर्सरीत जाणाऱ्यांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरीत किंवा पुढे शाळा बदलणाऱ्यांनी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्यावा. मे महिन्यात कार्यालयात एखादा लिपिक असतो, पण मुख्याध्यापकांची सही मिळत नाही. दाखला हातात पडताच तिथेच उभे राहून नाव, आईचे नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मगाव तपासावे. आणि एक गोष्ट पालकांना ठाऊक हवी: शिक्षण हक्क कायद्यानुसार, दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

पाच वर्षांखाली काढलेल्या निळ्या आधारमध्ये मुलाचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर दहा बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांचे स्कॅन आणि नवा फोटो द्यावा लागतो. पाच ते सात या वयात हे विनामूल्य आहे, आणि सातनंतरही केले नाही तर आधार निष्क्रिय होऊ शकते. मुलांचे ठसे मशीन पटकन घेत नाही. हात घामेजलेले किंवा कोरडे पडलेले असतात, नखाखाली खडू किंवा चिकणमाती असते. बरोबर ओला रुमाल आणि सुका रुमाल न्यावा. लग्नसराईत बोटांच्या टोकांपर्यंत मेंदी काढली असेल तर रंग उतरेपर्यंत थांबावे. शाळांमधली आधार शिबिरे जूनऐवजी मार्चमध्ये घेतली तर प्रवेशाच्या गर्दीत रांगा लागणार नाहीत.

लसीकरणात पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत. दुसऱ्या दिवशी ताप आणि हात-पाय दुखणे चालते, म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी तो घेऊ नये. आठवडाभर आधी घ्यावा.

प्रवासात जुलाब लागले तर ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या पाण्याच्या मापातच मिसळावे. एक लिटरचे पाकीट पेल्यात अर्धे अंदाजाने टाकले की मीठ जास्त होते आणि मुलाला त्याचाच अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने हळूहळू. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. गोड फळपेये म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव छापायला मनाईच केली. डब्यात दशम्या, गूळ-शेंगदाणे, खाकरा चालेल. बटाट्याची भाजी आणि ओल्या नारळाची चटणी मेच्या उन्हात दुपारपर्यंतही टिकत नाही.

परतीचे तिकीट शाळा उघडण्याच्या आदल्या रात्रीचे काढू नये. पाच दिवस आधी घरी यावे आणि झोपण्याची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय २०२४ मध्ये निघाला आहे. तरी व्हॅन साडेसातला दारात उभी राहणार असेल तर मुलाला उठावे लागते साडेसहाला. विदर्भातल्या शाळा आपल्यापेक्षा उशिरा उघडतात. २०२५ मध्ये आपल्याकडे १६ जून आणि तिकडे २३ जून होता. नागपूर-अमरावतीच्या भावंडांबरोबर आणखी आठवडा राहू द्या, असा हट्ट होणारच, पण पहिलीतल्या मुलाने तो आठवडा बुडवू नये. वर्गातल्या जागा, शेजारी आणि बाईंची ओळख त्याच दिवसांत ठरते.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत एप्रिलमध्ये ‘पहिले पाऊल’चा पूर्वतयारी मेळावा होतो. तिथल्या टेबलांवर मुलाची भाषा, अंकांची ओळख आणि हालचाली पाहून आईला सुट्टीत करायचे सोपे खेळ सांगतात. त्याचीही तारीख पाचांबरोबर सहावी म्हणून फलकावर लावावी, कारण गावी गेलेल्यांचा मेळावा दरवर्षी चुकतो. खासगी विनाअनुदानित शाळांनीही असा एक दिवस ठेवायला हरकत नाही. त्यात डबा स्वतः उघडणे, पँटचे बटण लावणे, शौचालय वापरणे एवढे पाहिले तरी पुरे, अक्षरे नंतर येतीलच.

आपले,
प्राथमिक वर्गांतील मुलांचे काही पालक,
इंदिरानगर, नाशिक