धावपट्टी फक्त नेत्यांसाठीच का?

महोदय,
विमानतळाचा विषय निघाला की आमच्याकडे एकच प्रश्न येतो, 'मुंबईचं विमान कधी सुरू होणार?' पण प्रवासी कंपन्यांची वेळापत्रकं आणि लष्कर वगळलं, तरी बरंच उड्डाण उरतं. वैमानिकांचं प्रशिक्षण, भाड्याची छोटी विमानं, हवाई रुग्णवाहिका, हवाई सर्वेक्षण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये छत्रपती संभाजीनगरहून (तेव्हाचं औरंगाबाद) कृत्रिम पावसासाठी उडालं तेही असलंच छोटं विमान. पाऊस किती पडला हा वाद वेगळा!

लातूर, नांदेड, धाराशिव येथे धावपट्ट्या आहेत. नांदेडची तर शिखांच्या २००८ च्या गुरुता गद्दी सोहळ्यासाठी वाढवलेली. लातूरची आम्हाला आठवते ती निवडणुकीत, नेते उतरतात तेव्हा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्यांना हृदयाच्या त्रासामुळे लातूरहून पुण्याला हलवावं लागलं. बार्शी, टेंभुर्णी करत रुग्णवाहिकेला सात तास लागले. प्रत्येक गतिरोधकाला मी सलाईनची बाटली हाताने धरून ठेवत होतो. छोट्या विमानाला हे अंतर तासाभराचं. ते परवडलं नसतं हेही खरं, पण विचारायचं कुणाला हेच ठाऊक नव्हतं.

प्रत्येक धावपट्टीवर रात्री उतरण्याची सोय, इंधन आणि एक प्रशिक्षण संस्था, एवढं तरी करावं. शिकवणीसाठी लातूरला येणाऱ्या हजारो पोरांपैकी काहींना डॉक्टर-इंजिनिअर सोडून वैमानिकही व्हायचं असेल की!

– एक वाचक, लातूर