फ्लायव्हील कपाटात ठेवलंय

सोन्या,

रविवारी गाडीच्या क्लचवरनं आपलं वाजलं आणि तू ताटावरनं उठून गेलास ते तुझ्या आईच्या फार मनाला लागलंय. पांढरा रस्सा तसाच राहिला, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी गरम करून खाल्ला. फोन करणार होतो पण फोनवर आपल्या दोघांचा आवाज चढतो म्हणून टाईप करतोय. क्लचबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

पुण्यात नीट पोचलास ना, एवढंच विचारायचं होतं. आणि फ्लायव्हील, क्लच ज्याच्यावर बसतो ते जड चाक, हलकं करायला लेथवर देऊ नकोस.

क्लच बदलूच नको असं मी म्हटलंच नव्हतं रे. कधी बदलायचा ते आधी बघ म्हणत होतो. आपली होंडा सिटी व्हीटेक कंपनीतनं आली तेव्हा 106 बीएचपीची, तिचा क्लच त्या हिशोबाचा. तू टर्बो बसवलास, चांगलं झालं, पण क्लचला बीएचपीशी देणंघेणं नसतं, त्याच्यावर येतो तो टॉर्क. म्हणून पहिल्या गिअरला गाडी सोडताना तुला काही कळणार नाही, तिथं साधे टायर आधी फिरतात आणि क्लच वाचतो. खरं कळतं ते चौथ्यात. आरपीएम खाली असताना पूर्ण ॲक्सिलरेटर दे, टर्बो भरला की आरपीएमचा काटा पळाला आणि स्पीडचा काटा मागं राहिला तर क्लच स्लिप होतोय, मग बदल, मी स्वतः गिअरबॉक्स उतरवतो. नसेल होत तर उगाच पैसे घालू नको. आणि स्लिप झाला तरी आधी पेडलचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, बघायची, इंजिनच्या मागच्या ऑईल सीलमधनं तेल क्लचच्या प्लेटवर येतंय का बघायचं. कितीतरी लोक नवीन क्लच टाकतात आणि पंधरा दिवसांत तोच प्रॉब्लेम घेऊन परत येतात, सील तसंच गळत असतं.

सिरॅमिकची प्लेट टाकायची म्हणालास. तिला हाफ क्लच माहीत नाही, धरते नाहीतर सोडते. रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ती गाडी चालवणार आहेस का? तुझ्या टॉर्कला चांगली ऑरगॅनिक प्लेट आणि कडक प्रेशर प्लेट पुरे. तीसुद्धा फार कडक नको, पेडल दाबलं की तो सगळा जोर क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. आणि काहीही टाकलंस तरी सातआठशे किलोमीटर शांतपणे चालव, प्लेट बसू दे. शुक्रवारी रात्री बसवायचा आणि शनिवारी अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर रेसला न्यायचा असं चालत नाही. क्लचनं सगळं धरलं की तो मार पुढं ड्राईव्हशाफ्टवर जातो हे पण डोक्यात ठेव.

झालं, परत लेक्चर सुरू झालं. माफ कर. तू इंजिनिअर आहेस, हे सगळं तुला माहितीये.

पण फ्लायव्हीलचं ऐक. तू सोमवारी लेथवाल्याकडं द्यायला म्हणून पोत्यात घालून ठेवलं होतंस ना, ते मी बाहेर काढलं. कास्ट आयर्नचं आहे ते. केरोसीननं धुतलं, उन्हात धरलं तर प्लेट घासते तिथं निळे डाग, आणि दोन डागांवर केसाएवढ्या रेघा. दोरीला टांगून हातोडीनं टिचकी मारली. चांगलं कास्ट घंटेसारखं वाजतं, वाजतच राहतं. हे थप्प करून थांबलं. तीनदा मारून बघितलं. तू ह्याच्यातनं अजून अडीच किलो काढणार होतास आणि सात हजार आरपीएमला फिरवणार होतास. आडव्या इंजिनात फ्लायव्हील चाकासारखंच उभं फिरतं, तुकडा सुटला तर एक वाट सरळ तुझ्या पायाकडं येते. मध्ये फक्त गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं कव्हर आणि पत्रा.

नानाकाका आठवतो ना तुला, चालताना कसा झुकायचा. ग्राइंडरचा दगड फुटला तेव्हा मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. आवाज आला आणि तो खालीच बसला, काय झालं ते त्यालाच आधी कळलं नाही. आई म्हणते तुला हे कधी सांगायचं नाही. तूच मला त्या अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सचं सांगितलं होतंस, 1970 ला कॅलिफोर्नियात स्टार्टलाच ट्रान्समिशन फुटलं, उजव्या पायाचा तुकडा गेला आणि मग त्यानं इंजिन पाठीमागं नेलं. तू ते किती कौतुकानं सांगत होतास. त्या रात्री मला झोप नव्हती.

लहान असताना तू गाडीखाली टॉर्च धरायचास आणि मी जुना शाफ्ट घालून प्लेट सेंटर करायचो. एकदा झोप लागली तुला तसाच, टॉर्च माझ्या डोळ्यावर आणि तू माझ्या दंडावर. मी हललो नाही. गिऱ्हाईक बाहेर ओरडत होतं.

तुझ्या ड्रॅग रेसची 15.8 सेकंदांची टाईम स्लिप माझ्या पाकिटात आहे. उद्यमनगरात बघितली नाही असा एक माणूस राहिला नसेल. 402 मीटर, आमची जुनी गाडी, पोरानं स्वतः टर्बो बसवलाय, असं सगळ्यांना सांगतो. पण मी तिथं बघायला आलो की तुझी गाडी सुटेपर्यंत माझं लक्ष लाइटवर नसतं, तुझ्या पायावर असतं.

फ्लायव्हील मी वरच्या कपाटात ठेवलंय, किल्ली माझ्याकडं. स्टीलचं बिलेट, म्हणजे अखंड ठोकळ्यातनं कापलेलं, फ्लायव्हील घे, टेस्टिंगचं सर्टिफिकेट असलेलं. महाग आहे माहितीये. अर्धे पैसे मी देतो, नाही म्हणू नको. तोपर्यंत गाडी इथंच राहू दे, आईच्या स्कूटरजवळ लावलीये, झाकून.

दिवाळीच्या आधी एक शनिवार मोकळा ठेव, दोघं मिळून बसवू. येताना आईचे दोन डबे घेऊन ये, तिनं चारदा विचारलंय.

पप्पा