मल्ल थांबला तरी वस्ताद हवाच

शालेय कुस्ती 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होते. नागपूरच्या महाल-इतवारीकडच्या आखाड्यात मातीवर घडलेला मुलगा तिथे मॅटवर उतरतो, आणि पहिली गडबड इथेच होते. मातीत चीतपट हाच निकाल. मॅटवर समोरच्याला खाली आणून ताबा घेतला की 2 गुण, वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला 1, आणि फ्रीस्टाइलमध्ये (पायांची पकडही चालणाऱ्या प्रकारात) 10 गुणांची आघाडी झाली की लढत तिथेच संपते. मागे सरकत दम खाण्याची मातीतली सवय 9 मीटरच्या वर्तुळात फार महाग पडते. 17 वर्षांखालील लढत 2-2 मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये 30 सेकंद विश्रांती; दम त्याच मापाने कमवावा लागतो, नुसत्या हजार बैठकांनी तो येत नाही.

दुसरी चूक वजनाची. एक वजनगट खाली खेळवण्यासाठी मुलांना पाणी तोडायला लावणे सरळसरळ धोक्याचे आहे, नागपूरच्या उन्हाळ्यात तर जीवघेणे! वजन उतरते, पण पकडीतली ताकदही जाते.

हे सारे अंगावर झेललेला मल्ल तिशीत थांबतो, तेव्हा त्याचे ज्ञान शाळांनी वापरावे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी पदविका आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. डाव येणे वेगळे, तो बारा वर्षांच्या पोराला मान न दुखावता शिकवणे वेगळे. अशा प्रशिक्षित मल्लांना शाळांनी आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी मानधनावर बोलवावे, ही विनंती.

– एक कुस्तीप्रेमी, महाल, नागपूर