तो वन्समोर नक्की कसला होता?

ब्राँक्स, न्यूयॉर्क
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

ती. आई-बाबा,

सा. नमस्कार.

मी मजेत आहे. हे आधी लिहिते, कारण आई पहिली ओळ वाचूनच ठरवते की पुढचं वाचायचं की रडायचं. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर आई "जेवलीस का" विचारते, बाबा "बरं बरं, घे, आईशी बोल" म्हणतात आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून नर्सिंग होमच्या पॅडवर लिहितेय. पानांचे फोटो दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. बाबा, दोन बोटांनी ताणलं की अक्षर मोठं होतं, दादा दाखवेल.

गौरींचे फोटो मिळाले. एका गौरीचा मुखवटा जरा डावीकडे कललाय, तो दरवर्षी मी सरळ करायचे. शेपूच्या भाजीचं ताट तू मुद्दाम जवळून काढून पाठवलंस, ते मला कळलं. इथे शेपू मिळतो, पण त्याला तो वास नाही.

आता तुमच्या काळज्या. वजन कमी झालेलं नाही, फोटोत तसं दिसतं. खोकला गेला. दादानं ब्राँक्सबद्दल काय काय वाचून तुम्हाला सांगितलंय ते मला माहीत आहे. गोळीबार रोज माझ्या दारात होत नाही. मी राहते तिथे निम्मी गल्ली बांगलादेशी आहे, खालच्या काकू शुक्रवारी खिचडी पाठवतात आणि मी रात्री उशिरा आले तर खिडकीतून बघतात. सांगलीत तू बघायचीस तशीच. कामाचं काय लिहू, म्हातारी माणसं, नवीन खुबे, नवीन गुडघे, चालवायचं आणि जिने चढवायचे. ते तुम्हाला पाठ आहे.

बाबा, तुम्ही गेल्या महिन्यात पेपरातलं कात्रण पाठवलंत, 'गायिका-अभिनेत्री जेनिफर लोपेझचा घटस्फोटासाठी अर्ज', आणि खाली लिहिलंत, "काय उपयोग झाला?" मी अंगठ्याचं चिन्ह पाठवून गप्प बसले. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. फेब्रुवारीत मीच तुम्हाला कौतुकानं सांगितलं होतं की या बाईनं स्वतःच्या प्रेमाच्या गोष्टीवर संगीतमय सिनेमा केला, पैसे घालणारे मागे हटले तेव्हा पदरचे २ कोटी डॉलर घातले. रुपयांत दीडशे कोटींच्या वर. तुम्ही तेव्हाही म्हणालात, "असं कुणी बुडवतं का?" बाबा, हे तुम्ही म्हणावं?

सिनेमा जेमतेम तासाभराचा आहे, १६ फेब्रुवारीला प्राइम व्हिडिओवर आला. नाव 'धिस इज मी... नाऊ'. सुरुवातीला पोर्तो रिकोची एक लोककथा आहे. दोन वैरी टोळ्यांतले प्रेमी, तिचं लाल फूल होतं आणि त्याचा हमिंगबर्ड, म्हणजे फुलचुखीसारखा चिमुकला पक्षी, तो फुलाफुलांत तिला शोधत फिरतो. मग एक कारखाना, त्यात पोलादी हृदय, आणि ते चालू ठेवायला कामगार लाल पाकळ्या आणून घालतात. वर आकाशात बारा राशी माणसांच्या रूपात बसून हिच्या लग्नांवर चर्चा करतात. आई, त्या राशींच्या बैठकीत आपले सद्गुरूही आहेत! खोटं नाही सांगत, ईशा फाउंडेशनचे. शेवटी ती ब्राँक्सला परत येते, लहानपणच्या स्वतःला मिठी मारते आणि पावसात नाचते. अतिशय भाबडा सिनेमा आहे. मधे मधे मलाही हसू आलं. पण अर्धवट मनानं केलेलं त्यात काही नाही.

हा सिनेमा मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा पडद्यापेक्षा माणसांकडेच जास्त पाहिलं.

पहिल्यांदा क्वीन्सला, आमच्या मराठी गोतावळ्यात. आम्ही सहाजण, एक सोफा, डाळवड्यांचं ताट. एका गाण्यात हिची लग्नं एकामागून एक लागतात. पाहुणे नाचतच राहतात आणि नवरा तेवढा बदलत जातो. सगळे लोळून हसले. एकजण म्हणाला, "मंडपाचा करार वर्षाचाच करून टाक म्हणावं." सहातला एक मात्र उठला आणि कप विसळायला आत गेला. तो पुढे येईल पत्रात.

दुसऱ्यांदा आमच्या नर्सिंग होमच्या टीव्हीच्या खोलीत. माझ्या एक पेशंट आजी आहेत, चौऱ्याऐंशीच्या, पोर्तो रिकोच्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं आणि चालायचं नाव नाही. मी म्हटलं, टीव्हीपर्यंत चालत आलात तर लोपेझबाईंचा सिनेमा लावते. वॉकर घेऊन बावीस पावलं चालल्या, वाटेत मला तीन शिव्या दिल्या. सिनेमाभर पडद्याशी बोलत होत्या. "तो नको, अगं तो नको!" आणि शेवटच्या पावसात हात वर करून ओरडल्या, "वेपा!" म्हणजे त्यांच्याकडचं 'वाहवा', नाहीतर आपला वन्समोर. शेजारी आमची एक मदतनीस उभी होती, पंचविशीची, इथल्याच कॅसल हिलची. लोपेझही तिथलीच. ती तोंड वाकडं करून म्हणाली, "हिला आता आमची आठवण येते. ६ नंबरच्या गाडीत शेवटची कधी बसली असेल?" लोपेझच्या पहिल्या अल्बमचं नावच त्या गाडीवरून आहे, १९९९ सालचा. मी रोज त्याच गाडीनं जाते, म्हणून मला उगाच लागलं.

आणि आता ते सँडविचचं सांगते, कारण त्याशिवाय इथले लोक हिच्यावर का खवळले ते कळायचं नाही. मलाही कळायला सहा महिने लागले.

इथे प्रत्येक कोपऱ्यावर एक दुकान असतं, त्याला बोडेगा म्हणतात. दूध, लॉटरी, साबण, मेणबत्त्या, सगळं तिथे, आणि आत एक मोठा सपाट तवा. पावांवर किंवा वेफर्सच्या पुड्यांवर मांजर झोपलेलं असतं, त्याला कुणी हाकलत नाही. त्या तव्यावरचं सँडविच सांगायची एक रीत आहे. एका दमात सांगायचं: काय घालायचं, कोणत्या पावात, मीठ-मिरपूड-केचप, संपलं. मध्ये थांबायचं नाही, 'प्लीज'सुद्धा नाही. थांबलात की मागची रांग उसासे टाकते. मी पहिल्या दिवशी 'तुमच्याकडे काय काय आहे' असं विचारलं, तर माणूस माझ्याकडे बघतच राहिला. शिवाय त्यानं मला 'मामी' म्हटलं! मी मागे वळून पाहिलं, कुणाची मामी आलीय म्हणून. इथे स्पॅनिश बोलणारे कुठल्याही बाईला लाडानं मामी म्हणतात. आता मला सवय झालीय. सकाळी मी तोंड उघडायच्या आत तो अंडं फोडतो आणि झालं की कागदात गुंडाळून मधोमध सुरी मारतो. (अंड्याचं आज्जीला सांगू नका.)

तर प्रत्येकाची अशी एक ठरलेली ऑर्डर असते आणि तुम्ही इथले की बाहेरचे ते तिच्यावरून ठरतं. दोनेक वर्षांपूर्वी एका मुलाखतीत लोपेझला विचारलं, तुझी बोडेगातली ऑर्डर कोणती? ती म्हणाली, रोलमध्ये हॅम अँड चीज आणि 'ऑरेंज ड्रिंक', ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. हा सिनेमा आला आणि लोकांनी ते पुन्हा उकरून काढलं. ऑरेंज ड्रिंक म्हणजे काय? इथे असं कुणी मागतच नाही, बाटलीचं नाव घेऊन मागतात. समजा, सांगली सोडून मोठा झालेला एखादा नट मुलाखतीत म्हणाला, "आमच्या गावचा तो कुरमुऱ्यांचा चिवडा, आहाहा." अहो, भडंग म्हण की! तस्संच. सिनेमा कसा झाला ते वेगळंच राहिलं. सिनेमापाठोपाठ आलेल्या माहितीपटात ती केस मोकळे करून 'मी ब्राँक्सची अवखळ पोरगी होते' म्हणते त्या तुकड्याची नक्कल करत शेकडो पोरींनी व्हिडिओ केले. आमच्या मदतनीस मुलीनंही केला, चांगला करते.

त्याच माहितीपटात मला खरंच टोचलेली एक गोष्ट आहे. नवऱ्यानं, बेन अ‍ॅफ्लेकनं, त्यांच्या वीस वर्षांतली पत्रं आणि ईमेल बांधून तिला भेट दिली होती. तिनं ती गाणी लिहिणाऱ्यांना वाचायला दिली. तो कॅमेऱ्यासमोर समजुतीनं बोलतो, पण अवघडलेला दिसतो. इथे मी त्याच्या बाजूची. २००२ साली ठरलेलं लग्न मोडलं होतं, २०२२ मध्ये लागलं, आणि मोठ्या सोहळ्याला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, २० ऑगस्टला, तिनं अर्ज केला. (म्हणून हे पत्र बाहेर नको. मावशीला तर नकोच.)

ती बातमी आली त्या आठवड्यात मदतनीस मुलगी आजींना म्हणाली, "बघा, एवढे पैसे घालून काय झालं?" तुमचंच वाक्य, बाबा. आजी म्हणाल्या, "तुझ्याकडे मागितले होते का?" आणि मला म्हणाल्या, तो पाऊस पुन्हा लाव.

मला तेव्हा सांगलीच्या भावे नाट्यमंदिरातलं बाबांचं संगीत नाटक आठवलं. मी पाच वर्षांची होते, पण ती रात्र मला आठवते, आणि न आठवणारं तुम्ही दोघांनी भांडून भांडून पाठ करून घेतलंय. तीन अंक, अकरा पदं, सगळी बाबांची. आईच्या पाटल्या गहाण. बाहेर धो धो पाऊस, आत चाळीस माणसं, त्यातली निम्मी तबलजीची नातेवाईक. आणि तिसऱ्या अंकातल्या पावसाच्या पदाला मागून कुणीतरी दिलेला तो एकच वन्समोर. बाबा म्हणतात मनापासून होता, आई म्हणते टवाळी होती. वीसेक वर्षं झाली तरी निकाल नाही. मला आजवर आईचं पटायचं. आजी 'वेपा' ओरडल्या तेव्हा मी खाली वाकून त्यांचं तोंड पाहिलं. गालावर पाणी होतं आणि हसतही होत्या. आता मला काही सांगता येत नाही.

पाटल्यांवरून निघालं म्हणून. त्या नाटकातून सुटल्या आणि माझ्या इथल्या परीक्षांच्या फीमध्ये गेल्या, कायमच्या. आई, तू "मला कुठे घालायच्यात आता" म्हणालीस. दिवाळीला नव्या करायच्या म्हणून मी वर्षभर बाजूला टाकत होते. ते पैसे दाढेत गेले. रूट कॅनॉलचे १४०० डॉलर, विम्यानं थोडेच दिले. जूनपासून दुखत होती, सांगितलं नाही. आता बरी आहे, दोन्हीकडून चावते. पण या महिन्यात बँकेच्या हप्त्याला चाळीसऐवजी पंचवीस हजारच येतील, दादाला म्हणावं तेवढं सांभाळ, पुढच्या महिन्यात भरून काढते. पाटल्या पुढच्या वर्षी नक्की.

दिवाळीला येणं जमत नाहीये. व्हिसाचे कागद अडकलेत. मी रडलेबिडले नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या त्या स्थळाला मी 'नाही' असं कळवलंय. मुलगा वाईट नाही. तासभर तो घराच्या हप्त्यांवर बोलला आणि मी हो हो केलं. काकांना वाईट वाटेल, त्यांना मी स्वतः फोन करीन.

आणि तो कप विसळणारा. सोलापूरचा आहे, क्वीन्सला राहतो, कॉम्प्युटरचंच काम. छत्तिशीचा. त्याचं एक लग्न झालं होतं, चार वर्षांनी मोडलं, मूल नाही. हे त्यानं मला त्याच रात्री स्वयंपाकघरात सांगितलं, मी न विचारता, हाताला साबण तसाच. त्यानंतर सात महिने आम्ही भेटतोय. गेल्या शनिवारी चतुर्थीला फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात गेलो, तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खाल्ला. त्यानं विचारलं, घरी कधी सांगणार? मी म्हटलं, लिहिते.

लिहिलं. 'दुसरेपणाचा' हा शब्द आईच्या तोंडून येणार हे मला माहीत आहे, आणि आज्जी काय म्हणेल तेही. लगेच हो म्हणा असं नाही म्हणत. फोनवर त्याच्याशी एकदा बोला एवढंच. बाबा, तुम्हाला आवडेल, त्याला पदं ऐकायची सवय आहे. उत्तर मात्र फोनवर नको, लिहून पाठवा. फोनवर आई रडली की मी सगळं मागे घेईन.

तुमची,
बबी

ता. क. पेटीचा भाता दुरुस्त झाला असेल तर बाबा, ते पावसाचं पद म्हणून रेकॉर्ड करून पाठवा. आजी ऐकायचं म्हणतायत. मी त्यांना सांगितलंय की शब्द कळणार नाहीत. त्या म्हणाल्या, पाऊस कळेल.