नळी निघाल्यानंतरचे काही तास

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

आप्पांची खुब्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली आणि उद्या सकाळी त्यांची लघवीची नळी काढणार आहेत, हे वाचून बरे वाटले. नळी निघाली की घरची माणसे निर्धास्त होतात. वॉर्डात एवढी वर्षे काम केल्यावर मला मात्र पुढचे सहा-आठ तासच अधिक जपण्याचे वाटतात.

एरवी मूत्राशयात 150 ते 200 मिलिलिटर साठले की पहिली जाणीव होते. नळी असताना ते भरतच नाही, आणि त्यात कण्यातून दिलेली भूल, वेदनाशामक औषधे, बद्धकोष्ठ व या वयात वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी यांची भर पडली की लघवी तुंबू शकते.

मी पूर्वी ज्या वॉर्डात होते तिथे एक आजोबा नळी काढल्यावर दर अर्ध्या तासाला थोडी थोडी लघवी करत होते. आम्ही तक्त्यावर प्रत्येक वेळी ‘लघवी झाली’ एवढेच लिहिले, माप लिहिलेच नाही. संध्याकाळी ओटीपोट टणक लागले आणि पुन्हा नळी घातली तेव्हा 900 मिलिलिटर लघवी निघाली. काठोकाठ भरलेल्या मूत्राशयातून जे गळत होते, त्यालाच आम्ही लघवी समजलो होतो. इतका ताणलेला स्नायू लवकर पूर्ववत होत नाही. आजोबांना नळीसकटच घरी जावे लागले. ती चूक मला अजून बोचते.

म्हणून खुणांचे भांडे माग आणि प्रत्येक वेळची वेळ व माप लिही. लघवीनंतर आत किती उरली ते सोनोग्राफीने पाहता येते, तेही सिस्टरना आवर्जून विचार. पाणी घोट घोट द्यावे, एकदम तांब्याभर नको. डॉक्टरांची परवानगी असेल तर आप्पांना आधार देऊन बसवा, पडदा ओढा आणि तू बाहेर थांब. मुलीसमोर त्यांना संकोच वाटणारच. ओटीपोट मात्र दाबू नका.

काढण्यापूर्वी नळीला चिमटा लावून सवय करण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे, परंतु थोड्या दिवसांच्या नळीसाठी तिचा ठोस फायदा दिसलेला नाही, तेव्हा त्यासाठी आग्रह धरू नकोस. आणि लघवी झालीच नाही, तर पुन्हा नळी घालून मूत्राशय रिकामे करतात आणि औषध देऊन काही दिवसांनी ती काढण्याचा पुन्हा प्रयत्न करतात. त्यात आप्पांनी कमीपणा मानू नये, हे त्यांना आजच सांग.

उद्या पहिले माप किती भरले ते मला फोनवर कळव; मी वाट पाहते आहे.

तुझी,
विजया